देवगडचा आंबा मुंबईला बोटीने का जात नाही? (आणि कोकणातली बंदरं नक्की कशाने मेली?)

कलमवाला_देवगड
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोच. आमची देवगड तालुक्यात कलमं आहेत. मार्च ते मे रोजचा नेम ठरलेला, पेट्या भरायच्या, टेम्पोत टाकायच्या, टेम्पोतून ट्रकात आणि ट्रकातून रातोरात वाशी. हायवेचं काय चाललंय ते इथे कुणाला सांगायला नको. यंदा भर सीझनात गाडी पेणच्या अलीकडे अडकली, पहाटेऐवजी दुपारी माल उतरला आणि दलालाने भाव पाडून हातात दिला. आणि गंमत अशी की हा सगळा त्रागा मी बागेतल्या ज्या मांगरात (खोपटात) बसून करतो तिथून समोर समुद्र दिसतो, रिकामा. आजोबा सांगायचे की त्यांच्या वेळी आंबा गलबतातून जायचा, मग आगबोटीतून. तर आता का नाही? ७२० किलोमीटर किनारा म्हणतात, चाळीसच्या वर लहान बंदरं सरकारी कागदावर आहेत, मग माल सगळा रस्त्यावर का? जाणकारांनी सांगावं. "राजकारणी" हे एका शब्दाचं उत्तर मला माहीत आहे, त्यापुढचं हवंय.

रातांबा
राजकारणी.

पुणेरी_खवचट
आजोबांच्या वेळी आंबा गलबतातून जायचा आणि पिकूनच पोचायचा. तुम्ही म्हणता तो पेणचा ट्रॅफिकही हेच काम करतो की, आढीचा खर्च वाचला.

जुना_तांडेल
बोटीने गेलेली माणसं आता कमी उरली, मी त्यातला एक, म्हणून जरा लांब लिहितो.

आमच्या लहानपणी सुट्टी लागली की भाऊच्या धक्क्यावर आदल्या दुपारपासून बिछाने टाकून जागा धरायची. कोकण सेवक, कोकण शक्ती, रोहिणी ही नावं आमच्या पिढीला घरच्या माणसांसारखी पाठ. त्याआधी वडलांच्या वेळी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी, त्यांना संतांची नावं, तुकाराम काय रामदास काय, आणि गोव्याच्या गिऱ्हाइकासाठी सेंट झेवियर, सेंट अँथनी. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि शेवटी पणजी. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही, पाणी कमी. ती बाहेर खोल पाण्यात उभी, आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, यायचे. खालून पडाव लाटेवर वर यायचा, बोटीच्या दाराशी एक क्षण टेकल्यासारखा व्हायचा, तेवढ्यात खलाशी ओरडणार "सोड!" आणि आपण उडी टाकायची, वरचा एक दंड सोडतोय आणि खालचा दुसरा पकडतोय. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, ट्रंका, घडवंच्या, शिवणयंत्रं सगळं असंच उतरायचं. आईची फण्यांची डबी एकदा मालवणसमोर पाण्यात गेली ती अजून तिथेच असेल.

आणि खाली खोलात माल. जाताना मुंबईहून कापड, रॉकेल, साखर, तांदूळ, येताना आंबे, नारळ, सुकी मासळी. पण जूनच्या तोंडाला बोटी बंद, त्या पुन्हा पाऊस ओसरल्यावर. मधले महिने कोकण म्हणजे बेटच.

पुणेरी_खवचट
तांडेल काका, ओकाऱ्यांचं वर्णन राहिलं.

जुना_तांडेल
ते मुद्दाम टाळलं, लोक जेवत वाचत असतील. लिंबू आणि आवळकाठी घेऊन निघायचो, रत्नागिरीपर्यंत दोन्ही संपायचं.

मालवणी_गजाल
आमचो आजो अजून सांगता, बोट इली काय बंदरार जत्राच भरायची. कोणाचो कोण येवचो नसलो तरी गाव धक्क्यार.

ठाणेकर_सुहास
माझ्या ऐकण्यात असं आहे की रामदास बोट बुडाली आणि त्यानंतर सरकारने घाबरून ही सेवाच बंद केली. खरं का?

जुना_तांडेल
नाही हो. रामदास बुडाली १७ जुलै १९४७ ला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना, सहाशेच्या वर माणसं गेली. त्याच्या वीस वर्षं आधी ११ नोव्हेंबर १९२७ ला तर तुकाराम आणि जयंती या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. इतकं होऊनही बोटी चालूच राहिल्या, मी स्वतः रामदासनंतरच्याच बोटीत बसलो ना. माणसाला दुसरा रस्ता नव्हता म्हणून तो बसत राहिला. ऐंशीच्या दशकात सेवा आटपली तोवर एसटी गावागावात पोचली होती. आणि १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर तर विषयच संपला. मधे नव्वदीत दमानियांची कॅटामरान ही वेगवान बोट मुंबई-गोवा धावली, पण ती गोव्याला मजा करायला जाणाऱ्यांची, त्यात पेटी घेऊन कोण चढणार.

घाटमाथा
आंब्याचं नंतर बघू, "बंदरं कशाने मेली" यावर माझं ठाम मत आहे. बंदरं समुद्राने मेली नाहीत, घाटाने मेली.

कोकणातलं कुठलंही जुनं मोठं बंदर घ्या, त्याच्या पाठीमागे एक घाट आहे. दाभोळमागे कुंभार्ली, तिथून कऱ्हाड आणि पुढे थेट विजापूर. राजापूरमागे अणुस्कुरा आणि वर कोल्हापूर. वेंगुर्ल्यामागे रामघाट, वर बेळगाव. आणखी मागे जायचं तर चौल-सोपाऱ्यामागे नाणेघाट, वर जुन्नर, पैठण. लमाणांचे बैलांचे तांडे वरून कापड, मिरी, धान्य घेऊन उतरणार आणि खालून मीठ, खजूर, घोडे घेऊन चढणार. विजापूरच्या दरबाराला मक्केचा रस्ता दाभोळवरून होता, म्हणून तर त्या एवढ्याशा गावात ती देखणी शाही मशीद आहे. डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, इंग्रजांनी राजापूरला, ती १६६१ मधे महाराजांनी लुटली. ही मंडळी काय समुद्राची हवा खायला आली नव्हती, वरचा देश त्यांना हवा होता.

मग रेल्वे आली. बोरघाटातून १८६३ ला गाडी वर चढली, दोन वर्षांनी थळघाटातून, आणि देशावरचा सगळा माल मुंबईकडे वळला. दक्षिणेत १८८८ च्या सुमारास गोव्याचं मुरगाव बंदर रेल्वेने जोडलं गेलं आणि बेळगाव-धारवाडचा जो माल वेंगुर्ल्याला उतरायचा तो तिकडे. वेंगुर्ल्याचं पाणी तेवढंच होतं, दीपस्तंभ तिथेच होता, फक्त मागून येणारा माल थांबला. आज दीडशे वर्षांनी कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे आणि चिपळूण-कऱ्हाड रेल्वे कागदावरच फिरताहेत. ते होईपर्यंत कितीही जेट्या बांधा.

रातांबा
घाटमाथा, आयडीला जागलात.

चीफ_ऑन_बोर्ड
घाटमाथा यांचं अर्धं बरोबर. मी मर्चंट नेव्हीत इंजिनवर आहे, सध्या सिंगापूरच्या अँकरेजला बंकरची (जहाजाच्या इंधनाची) वाट बघतोय म्हणून वेळ आहे.

तुम्ही पाणी तेवढंच राहिलं म्हणता, ते राहिलं नाही. राजापूर समुद्रापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत आहे, एकेकाळी भरतीला गलबतं गावापर्यंत जायची. आता? खाडी गाळाने भरली, डोंगरावरची झाडं गेली आणि माती नदीत आली, ती मुखाशी साचते. सगळ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे, ओहोटीला तिथे होडीसुद्धा टेकते. आणि दुसरीकडे जहाजं वाढत गेली. गलबताला दोन-तीन मीटर पाणी पुरायचं, आजच्या मोठ्या कोळशाच्या जहाजाला सतरा-अठरा मीटर लागतं. म्हणजे एकीकडून तळ वर येतोय आणि दुसरीकडून जहाजाचा तळ खाली जातोय, मधे बंदर चेंगरलं.

शिवाय नैऋत्य मोसमी वारा. पूर्ण उघडा किनारा आहे आपला, लाट सरळ येऊन आदळते. ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, नसेल तर चार महिने गप्प बसा. दाभोळचं गॅस टर्मिनल २०१३ ला सुरू झालं आणि ब्रेकवॉटर पुरं नसल्याने कित्येक वर्षं पावसाळ्यात बंद ठेवायला लागायचं. एवढ्या पैशावाल्या प्रकल्पाची ही गत, तर देवगडच्या जेटीची काय कथा.

गांधीधामचा_कोकण्या
मग गुजरातला समुद्र वेगळा आहे का? नोकरीमुळे कच्छात राहतो, म्हणून विचारतो. इकडे मांडवीला रुक्मावती नदीच्या पात्रात आजही लाकडी जहाजं बांधतात, डोळ्यांनी बघतो. चार माणसं उंच उभी राहतील एवढा सांगाडा, फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून तेल लावतात, आणि ती जहाजं दुबईला, सोमालियाला माल नेतात. साखर, तांदूळ, जुन्या गाड्या, काय वाट्टेल ते. शेजारी मुंद्रा, जे नव्वदीच्या शेवटी सुरू झालं आणि आज बघा. आमच्या रत्नागिरीचे लोक ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर पिढ्यानपिढ्या डेकवर होते, सारंग, टिंडेल सगळे आमचे, आणि बोट बांधणारं गाव आता शोधून सापडत नाही.

चीफ_ऑन_बोर्ड
समुद्र वेगळाच आहे. कच्छचं आखात आडोशाचं, आत खोल पाणी, आणि मागे सपाट जमीन, त्यामुळे रेल्वे थेट धक्क्यावर येते. उत्तर हिंदुस्थानचा माल तिकडे उतरणं सोपं. पण ते एवढंच नाही, गुजरातने मेरीटाइम बोर्ड (राज्याच्या बंदरांचं मंडळ) १९८२ ला काढलं, आपण १९९६ ला. चौदा वर्षं म्हणजे एक आख्खी पिढी बंदरांची.

घाटमाथा
"मागे सपाट जमीन, रेल्वे थेट धक्क्यावर." म्हणजे मी म्हणतो तेच तुम्ही गुजराती करून सांगितलंत.

चीफ_ऑन_बोर्ड
बरं बाबा, पाऊण बरोबर.

मिऱ्याबंदर
अहो पण बंदरं मेली म्हणतं कोण? मी रत्नागिरीत राहतो. जयगडला २००९ पासून कोळशाची भलीमोठी जहाजं लागतात, तिथून लहान बोटीत भरून माल धरमतरच्या खाडीत डोलवीच्या स्टील कारखान्याला जातो. इकडे सिमेंट बोटीने येतं, रनपारला कारखान्याची स्वतःची जेटी आहे, रेडीहून खनिज परदेशी जातं, दिघी मोठ्या कंपनीने घेतलंय. बंदरं जिवंत आहेत, फक्त ती आपली नाहीत. कंपनीचा धक्का, कंपनीचा माल, कंपनीचं गेट. कलमवाले पेटी घेऊन गेले तर वॉचमन गेटवरूनच परत पाठवेल.

आमच्या वाट्याला आलं ते बसरा स्टार. निसर्ग वादळात जून २०२० ला मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन बसलं ते जहाज कित्येक वर्षं तिथेच. पहिले सहा महिने लोक सेल्फी काढायचे, वडापावच्या गाड्या लागल्या, नंतर त्याचा पत्रा गंजून गळायला लागला, भरतीला आतून ठणठण आवाज यायचा आणि कुत्रं सुद्धा जवळ जाईना.

डहाणूची_मीनल
सगळे जहाजं हवीत, बंदरं हवीत म्हणताय, जरा आमचंही ऐका. आम्ही वाढवणच्या बाजूचे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पायाभरणी झाली, ७६ हजार कोटींचं बंदर, वीस मीटर खोल पाणी, जगातली मोठ्यात मोठी कंटेनर जहाजं येणार. घाटमाथा काकांना हवं ते सगळं त्यात आहे, रेल्वे, हायवे. फक्त जिथे ते होतंय तिथे आमच्या डोली (मासेमारीची जाळी) लागतात, घोळ, शेवंड मिळतं, घराघरात डायमेकिंगचं (साचे बनवायचं) काम चालतं. भराव टाकल्यावर मासा कुठे जाईल हे विचारलं की नोकऱ्या मिळतील म्हणतात. माझ्या काकाला, ज्याला भरतीची वेळ घड्याळ न बघता कळते, त्याला कंटेनर यार्डात काय नोकरी देणार? वॉचमनची?

मिऱ्याबंदर
मीनलताई, हेच म्हणतो. गेटच्या आतले आणि बाहेरचे.

ठाणेकर_सुहास
पण ताई, न्हावाशेवा १९८९ ला झालं तेव्हाही विरोध होताच, आज देशातला किती माल तिथून जातो. सगळ्यालाच नाही म्हणून कसं चालेल.

डहाणूची_मीनल
आणि तिथल्या कोळीवाड्यांचं पुनर्वसन कसं झालं तेही एकदा उरणला जाऊन विचारून या. मी नाही म्हणत नाहीये, मी आधी उत्तर द्या म्हणतेय.

अॅडमिन_टीम
वाढवणसाठी स्वतंत्र धागा आहे, तिथे सविस्तर चर्चा करावी. इथे आंबा आणि बंदरं.

गुहागरची_सून
मोठ्यांची भांडणं चालू दे, लहान गोष्ट सांगते. आमच्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर २००३ च्या सुमारासपासून गाड्या जातात. पूर्वी दापोलीहून गुहागरला यायचं तर खेड-चिपळूण फिरून अर्धा दिवस, आता गाडी बोटीत चढवा, वडा खा, उतरा. तसंच वेशवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ. ना मोठा धक्का, ना ब्रेकवॉटर, खाजगी माणसाने काढलेली, आणि चालतेय. गणपतीत रांग लागते. म्हणजे कोकणात बोट चालत नाही हे मला पटत नाही, लोकांना जी हवी ती चालते.

कौलारू
थोडं अवांतर. आमच्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा जुन्या कौलांवर मंगळूरचे शिक्के निघाले. आजोबा म्हणायचे फत्तेमारीतून (शिडाच्या जहाजातून) आली. म्हणजे कौलं मंगळूरहून, लाकूड मलबारातून, सगळं समुद्रावरून. ट्रकला कौलं फुटतात, बोटीत नाही.

पुणेरी_खवचट
बोटीत माणसं फुटतात, आवळकाठी असूनही.

वाशी_टू_वर्ल्ड
आता मूळ प्रश्नावर येतो, कारण धंदा आमचाच आहे, फॉरवर्डिंग, म्हणजे लोकांचा माल पोचवायचं काम करतो.

कलमवाले, तुमचा आंबा बोटीने न जाण्याचं कारण समुद्रात नाही, हमालीत आहे. आज पेटी बागेत भरता, एकदा टेम्पो, एकदा ट्रक, वाशीला उतरली की संपलं. बोटीने न्यायची तर बाग ते जेटी टेम्पो, जेटीवर उतरव, बोटीत चढव, मुंबईत धक्क्यावर उतरव, पुन्हा ट्रक, पुन्हा वाशी. चढउतार दुप्पट, आणि आंब्याची पेटी दर वेळी थोडा मार खाते. शेवटी समुद्राचा भाग स्वस्त असूनही दोन टोकांची हमाली नफा खाते. कोस्टल शिपिंगचं रडगाणं देशभर हेच आहे. लांब पल्ल्याला परवडतं, कच्छहून केरळला टाइल्स जातात ना, पण देवगड-मुंबई म्हणजे समुद्राने दीडशे मैलांच्या आसपास, ट्रकला एक रात्र. या अंतरात ट्रकला हरवणं अवघड.

दुसरं म्हणजे परतीचा माल. तांडेल काकांनी लिहिलंय बघा, जाताना कापड, रॉकेल, तांदूळ, येताना आंबे. दोन्ही बाजूंनी पोट भरलेलं, वर चाकरमानी तिकिटाला. तुमची आंब्याची बोट परत येताना काय आणणार? आणि जूननंतर ती करणार काय? दोन-अडीच महिन्यांच्या सीझनसाठी बारा महिन्यांचा हप्ता कोण भरेल?

घाटमाथा
एक गोष्ट मात्र आंब्याच्या बाजूने आहे, ती कुणी बोललं नाही. मार्च ते मे हा समुद्र शांत असायचा काळ. पावसाळ्यात बंद वगैरे अडचण आंब्याला लागूच नाही, पाऊस आला की आंबाही संपतो. कोकणातल्या दुसऱ्या कुठल्या मालाची वेळ इतकी जमत नाही.

चीफ_ऑन_बोर्ड
हे बाकी खरं. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा, शिडाची गलबतंसुद्धा याच हिशोबावर चालायची.

कलमवाला_देवगड
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. वाशीवाले, तुमची हमालीची गोष्ट पटली, पण मग पेट्या उतरवायच्याच कशाला? भरलेला ट्रकच बोटीत चढवला तर? मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत चढवायची बोट, गाड्या घेऊन जाते, आणि विजयदुर्ग-रत्नागिरीला रो-रोची चर्चा जोरात आहे. विजयदुर्ग बंदर चांगल्यापैकी आडोशाचं, आंग्र्यांच्या आरमाराची गोदी तिथल्याच खाडीत आहे, गिर्ये-वाघोटणला. संध्याकाळी ट्रक चढला, पहाटे मुंबईत उतरला, ड्रायव्हर झोपलेला, पेटीला धक्का नाही.

वाशी_टू_वर्ल्ड
हा मुद्दा बरोबर, चढउतार वाचते आणि परतीला कोकणात येणाऱ्यांच्या गाड्या भरता येतात. प्रश्न दोनच. ट्रकचं भाडं किती लावतात, कारण हायवेचं डिझेल आणि टोल मिळून जे होतं त्यापेक्षा जास्त लागलं तर एकही ट्रकवाला चढणार नाही. आणि वेळ. या बोटी पर्यटकांच्या हिशोबाने दिवसा सोडतात. तुम्हाला रात्रीची हवी, भाऊच्या धक्क्यावर पहाटे तीन-साडेतीनला उतरली पाहिजे, नाहीतर वाशीचा लिलाव गाठणार नाही आणि पुन्हा पेण.

गुहागरची_सून
आणि जेटीपर्यंतचा रस्ता. विजयदुर्गच्या त्या वळणांवर दहा चाकी ट्रक समोरासमोर आले तर कोण मागे घेणार? आमच्या धोपाव्याला तेवढ्यावरून रोज भांडणं.

मिऱ्याबंदर
कोकण रेल्वेवरही रो-रो आहे की, ट्रक वॅगनवर चढवतात, १९९९ पासून. कोलाडहून गोव्याला. ती कुणी आंब्यासाठी वापरत नाही, का ते विचारलंत का?

वाशी_टू_वर्ल्ड
कारण ती मालगाडी वाटेत पॅसेंजरला बाजू देत उभी राहते. आंबा वाट बघत नाही.

कलमवाला_देवगड
बरोबर. पुढच्या आठवड्यात आमची बागायतदारांची बैठक आहे, तिथे हे दोनच प्रश्न लेखी मांडतो, ट्रकचं भाडं आणि रात्रीची फेरी. आणि गुहागरच्या वहिनींचा रस्ता तिसरा. पन्नास-साठ बागायतदारांनी सीझनभराचे ट्रक आधीच कबूल केले तर बोटवाल्याशी बोलायला काहीतरी हातात राहील. उत्तर आलं की इथे टाकतो.

डहाणूची_मीनल
बैठकीला तिथले मच्छीमारही बोलवा. रात्रीच्या फेरीचा मार्ग जाळ्यांवरून जाणार असेल तर आधीच ठरवलेलं बरं, नंतर कापलेली जाळी घेऊन पोलीस चौकीत भेटण्यापेक्षा.

कलमवाला_देवगड
हे लिहून घेतलं. मिठमुंबरीचे दोघेतिघे मच्छीमार ओळखीचे आहेत, त्यांना सांगतो.

मालवणी_गजाल
बैठकीक आंबे आसतले मां?

रातांबा
एवढा धागा वाचला, पाच डझनाच्या पेटीचा भाव कुणीच सांगितला नाही. ठाण्याला घरपोच मिळेल का? ट्रकने आली तरी चालेल.